काचेवरचा अंगठा

"सरका, सरका! माझे सायलेन्सर वाकतील!"

भोंगा अजून जिन्याच्या तळाशी होता, पण त्याचा आवाज केव्हाच माडीवर जाऊन पोचला होता. उगाच का त्याला भोंगा म्हणत! हातातल्या खोक्यात त्याची वीतभर गाडी होती आणि तिला मागे त्यानं एक नाही, दोन नाही, चांगले सहा सायलेन्सर लावले होते. तेही स्ट्रॉ कापून!

"गाडी आहे की बासऱ्यांचं दुकान?" वकील म्हणाला. हा चिमटीचा आतेभाऊ. वाद घालायला त्याला विषय लागत नसे, समोर माणूस असला की भागत असे.

एरवी यावर सगळ्यांत मोठ्यानं चिमटीच हसली असती. आज मात्र ती दोघांच्या मागून पाय ओढत चढत होती. खेळण्यांच्या दुकानाच्या माडीवर सुट्टीभर गाड्या बनवायचा वर्ग चालला होता. किटमधल्या प्लास्टिकच्या चौकटीतून सुटे भाग कापायचे, कडा घासायच्या, जोडायचे, रंगवायचे आणि मग ज्याच्या त्याच्या डोक्यात येईल तसे बदल करायचे! या कामात चिमटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. बारीक भाग उचलायची चिमटी तिच्या हातातून सुटतच नसे, म्हणून तर हे नाव पडलं. उद्या रविवारी प्रदर्शन होतं. आईबाबा, शेजारीपाजारी, शाळेतल्या बाई, सगळे येणार होते.

"कुणी केलं हे? आधी सांगा, कुणी केलं?"

वरून दुकानदारकाकांचा आवाज आला आणि तिघंही धडाधडा वर पळाली.

मधल्या टेबलावर पारदर्शक पेटी होती आणि तिच्यात पेंटरआजोबांची गाडी. आजोबांनी उभा जन्म खऱ्या गाड्या रंगवण्यात घालवला होता. तरुणपणी रंगवलेली पहिली गाडी त्यांनी एका साध्या किटमधून हुबेहूब उभी केली होती. टपावर तारेचं कॅरिअर, मागच्या काचेला चिंधीचा इवलासा पडदा, दारापाशी गंजाचा डाग, तोसुद्धा ब्रशच्या एका केसानं काढलेला! हल्ली आजोबांचे हात थरथरत. "ही माझी शेवटची बरं का. यापुढच्या तुम्ही करायच्या," असं ते पोरांना सांगत. या गाडीला कुणी बोट लावायचं नाही, हा वर्गाचा पहिला आणि एकुलता एक नियम होता.

त्या गाडीच्या सगळ्या काचा धुकं धरल्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या! हेडलाइटसुद्धा! आणि पुढच्या काचेवर, अगदी मधोमध, एक पांढराशुभ्र अंगठा उमटला होता. त्याची रेघ न् रेघ दिसत होती.

चिमटीनं उजवा अंगठा मुठीत लपवला.

काल दुपारी ती खोलीत एकटीच होती. तिच्या शर्यतीच्या गाडीचा वायपर काही केल्या नीट बसेना. आजोबांनी कसा बसवलाय ते एकदा पाहावं, एवढंच तिच्या मनात आलं. गाडी तेव्हा उघड्यावरच होती. तिनं ती उचलली, काचेवर अंगठा टेकवून वायपर निरखला आणि जिन्यात पाऊल वाजताच पटकन खाली ठेवली. पण काच स्वच्छ होती! तिनं नीट पाहिलं होतं. मग आता हे काय?

"गोंद्या!" काका गरजले.

कोपऱ्यातला गोंद्या दचकला. त्याच्या बोटांना सदान् कदा गोंद. वहीची पानं चिकटत, खुर्ची चिकटे, एकदा तर मांजर चिकटलं होतं. एरवी त्याच्यावर सगळे हसत. आज कुणी हसलं नाही.

"मी नाही हात लावला, काका! पण हे पांढरं आहे ना, हे तर मला..."

"गप्प बस! गोंदाचे हात आणखी कुणाचे आहेत इथं? उचल तुझी गाडी आणि घरी जा. उद्या प्रदर्शनात तुझी गाडी नाही!"

गोंद्यानं एकेकाकडे पाहिलं. चिमटीकडेही पाहिलं. ती टेबलावर पडलेल्या, न फोडलेल्या स्क्रूच्या पुडीकडे टक लावून बघत राहिली. 'मी' एवढं एकच अक्षर बोलायचं होतं, पण जीभ कशी ती उचलेना. गोंद्या खोकं छातीशी धरून जिना उतरला.

पेंटरआजोबा खिडकीपाशी बसले होते. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते आपल्या हातांकडे बघत बसले. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चिमटीला वाटलं.

"हा अन्याय आहे!" काका खाली जाताच वकील कडाडला. "पुरावा कुठाय? काचेवर अंगठा आहे ना? मग सगळ्यांचे अंगठे घ्या!"

गल्ल्यापाशी शिक्के मारायचं पॅड होतं, ते भोंग्यानं पळवून आणलं. वकिलानं कागद पसरला आणि सगळी पोरं रांगेत उभी केली. चिमटीच्या उजव्या अंगठ्यावर कटर लागल्याची एक तिरकी खूण होती. काचेवरच्या अंगठ्यातही तशीच तिरकी रेघ होती. तिची पाळी आली. तिनं उजवा हात पाठीमागे नेला आणि डावा अंगठा पुढे केला.

"छान! पुढचा!" वकील म्हणाला. त्यानं वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. एवढा त्याचा आपल्या बहिणीवर भरवसा! तो भरवसाच तिला झोंबला.

गोंद्याच्या मागे राहिलेल्या पट्टीवर त्याचे गोंदाचे ठसे आयते होते. तेही जुळेनात. भोंग्यानं काकांना तसं सांगून पाहिलं, तर "ठशांचं मला शिकवू नका!" म्हणून त्यांनी त्यालाच हाकललं.

"कुणाचाच जुळत नाही! म्हणजे बाहेरचा माणूस!" भोंगा कुजबुजला. त्याचं कुजबुजणं अर्थात रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

वकील मात्र डोकं खाजवत होता. "मला एक कळत नाही. अंगठा लागला एका काचेला, मग बाकीच्या का पांढऱ्या? आणि त्या केव्हा पांढऱ्या झाल्या, अंगठ्याच्या आधी की नंतर? एवढं कळलं ना, तर गोंद्या सुटलाच! पण ते कुणाला ठाऊक असणार?"

चिमटीला ठाऊक होतं. साऱ्या जगात फक्त तिलाच ठाऊक होतं. गोंद्याला सोडवणारी गोष्ट तिच्या तोंडात होती, आणि ती बाहेर काढायची तर आधी दुसरी एक गोष्ट बाहेर काढावी लागणार होती.

"नंतर," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मी अंगठा लावला तेव्हा काचा लख्ख होत्या."

दोघं तिच्याकडे बघतच राहिले. भोंगासुद्धा गप्प झाला, म्हणजे बघा!

"पण... पण तुझा ठसा तर जुळला नाही!" वकील म्हणाला.

"मी डावा दिला."

"डावा?" वकिलाचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या कागदावर? मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं, चिमटे! तुझ्याकडे काय बघायचं, म्हणून!"

"म्हणूनच मला..." तिनं बाहीनं डोळे पुसले.

"रडायचं ते नंतर रड," भोंगा म्हणाला. "आधी गोंद्याकडे चल."

गोंद्या घराच्या पायरीवर बसला होता. मांडीवर त्याची गाडी. साध्या मोटारीचं मागचं छप्पर कापून त्यानं तिची त्याच्या बाबांच्या पावाच्या गाडीसारखी गाडी केली होती. आत पुठ्ठ्याचे कप्पेसुद्धा होते! आजच तिला निळा रंग द्यायचा होता. पण रंग सगळे दुकानाच्या माडीवर, त्यामुळे ती अस्तराच्या करड्या रंगातच राहिली होती.

चिमटीनं वाटेत छान छान वाक्यं जुळवली होती. ती सगळी कुठल्या कुठे पळाली.

"अंगठा माझा आहे. सकाळी बोलायला हवं होतं. मी नाही बोलले."

गोंद्यानं गाडीचं चाक गरकन फिरवलं. "बाबांना वाटतंय, मी खोटं बोलतोय," एवढंच तो म्हणाला.

धरणीनं पोटात घेतलं असतं तर चिमटी आनंदानं गेली असती. पण धरणी काही दुभंगली नाही, म्हणून ती उठली आणि सरळ आत गेली. आत गोंद्याच्या बाबांशी काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. पाठोपाठ बाबाही बाहेर आले. त्यांनी गोंद्याच्या केसांतून हात फिरवला. गोंद्यानं मोठा श्वास सोडला आणि तो पहिल्यांदा नीट बोलला.

"अगं, मी सकाळी तेच सांगत होतो! ती झटपट गोंदाची वाफ आहे. माझा हेडलाइट असाच गेला होता. उघड्यावर काही होत नाही. पण बंद डब्यात ती वाफ काचेवर जाऊन बसते. आणि जिथं बोट लागलेलं असतं ना, तिथं तर दाट बसते!"

"पेटी कुणी बंद केली?" वकिलानं विचारलं.

"काकांनी!" भोंगा एवढ्या जोरात ओरडला, की समोरच्या घराची खिडकी उघडली. "काल संध्याकाळी मी पाहिलं ना! स्क्रू कोण पिळत बसतंय म्हणाले, आणि ट्यूबच्या ट्यूब रिकाम्या केल्या!"

चिमटीला ती न फोडलेली स्क्रूची पुडी आठवली.

"पण काकांना आपण सांगून पटेल होय?" वकील म्हणाला. "उलट आपल्यालाच ओरडतील."

"मग आपण सांगायचंच नाही," चिमटी म्हणाली. "त्यांच्या अंगठ्यालाच सांगू दे!"

संध्याकाळी भोंगा दुकानात गेला. किटमधून उरलेले पारदर्शक प्लास्टिकचे दोन तुकडे त्यानं काकांपुढे धरले. "काका, हे दोन्ही सारखेच आहेत का हो?" काकांनी एकेक तुकडा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून उजेडात पाहिला. "सारखेच आहेत की! डोळे फुटले का तुझे?" भोंग्यानं ते कडेला धरून अलगद परत आणले. गोंद्यानं दोन बरण्या धुऊन ठेवल्याच होत्या. एकेका बरणीत एकेक तुकडा टाकला, एकीच्या झाकणाला आतून झटपट गोंद लावला आणि दोन्ही घट्ट बंद करून ठेवल्या.

सकाळी चौघंही काकांपुढे हजर! गोंद्याला पाहताच काकांच्या कपाळावर आठी आली. पण त्यांची नजर बरणीकडे गेली.

"हे काय? हाही खराब केलात? आणि हा अंगठा कुणाचा?"

"ज्याचा अंगठा त्यानंच खराब केला, असंच ना काका?" वकिलानं साळसूदपणे विचारलं.

"अर्थात!"

"मग जरा तुमचा अंगठा पॅडवर टेकवा बघू!"

काकांनी कुरकुरत टेकवला. वकिलानं कागद आणि बरणी शेजारी शेजारी धरली. काकांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मग त्यांनी दुसऱ्या बरणीतला लख्ख तुकडा पाहिला. त्यावरही त्यांचाच अंगठा होता, पण दिसत कुठं होता!

"या झाकणाला काय लावलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही पेटीला लावलंत तेच," गोंद्या म्हणाला.

काका मटकन स्टुलावर बसले. त्यांचे कान चिमटीच्या कानांइतकेच लाल झाले. "आणि काचेवरचा तो अंगठा?"

चिमटी पुढे झाली. पेंटरआजोबा नुकतेच जिना चढून आले होते. त्यांच्याकडे बघूनच ती बोलली. "माझा आहे, आजोबा. मी गाडी उचलली होती. आणि काल गोंद्याला घालवून दिलं, तेव्हा मी गप्प राहिले."

आजोबांनी तिचा अंगठा हातात घेऊन ती तिरकी खूण पाहिली. "तुझ्या वयाचा असतो तर मीही उचलली असती गाडी," ते म्हणाले. "गप्प मात्र राहिलो नसतो." आवाज चढला नव्हता. चिमटीचे डोळे भरून आले.

काका उठले आणि सगळ्या पोरांसमोर गोंद्यापुढे उभे राहिले. "माझं चुकलं रे बाबा. आळस माझा आणि बोल तुला!" मग त्यांनी पेटीचं झाकण उचकटून काढलं.

"वाफ वरवरच बसलीय," आजोबा गाडी निरखत म्हणाले. "टूथपेस्ट आणि मऊ फडकं घेऊन हलक्या हातानं घासलं तर निघेल. माझ्या हातांनी नाही जमायचं." आणि त्यांनी गाडी सरळ गोंद्यापुढे धरली.

"मी?" गोंद्या आपल्या बोटांकडे बघत म्हणाला. तो धावत जाऊन हात धुऊन आला. पुन्हा एकदा धुऊन आला. मग चिमटीकडे वळून म्हणाला, "तू धर. मी घासतो. पण खालून धर हं, काचेला नको!"

दुपारपर्यंत काचा लख्ख झाल्या. काकांनी पेटीला स्क्रू लावले, तेही सगळेच्या सगळे. प्रदर्शनाला ही गर्दी लोटली! सहा सायलेन्सरांपुढे लहान पोरं हटेनात. काकांनी सगळा किस्सा स्वतःच सांगितला आणि स्वतःलाही सोडलं नाही. "माझ्यासारख्याला पकडलं पोरांनी! शाब्बास!" टाळ्या झाल्या. शाळेतल्या बाईंनी चिमटीची पाठ थोपटली. "खरं बोलायला धैर्य लागतं, हो!" चिमटीला मान वर करवेना. ते खरं एक अख्खा दिवस उशिरा आलं होतं, आणि त्या दिवसाचा हिशेब समोर टेबलावर करड्या रंगात उभा होता. एवढ्या रंगीत गाड्यांत ती एकच बिनरंगाची! सकाळी रंगवली असती तरी वाळली नसती.

"या पावाच्या गाडीला रंग कसा नाही?" एका आजींनी विचारलं.

गोंद्या काही बोलणार, तेवढ्यात चिमटी आपली शर्यतीची गाडी सोडून त्याच्या टेबलापाशी आली. "माझ्यामुळे," ती म्हणाली.

मग जो येई तो तेच विचारी आणि चिमटी तेच उत्तर देई. माझ्यामुळे. आईनं विचारलं तेव्हाही तेच. दर वेळी तिचे कान तापत, पण ती तिथून हलली नाही.

"पुरे आता! घसा बसेल तुझा," शेवटी गोंद्या म्हणाला. गर्दी पांगत आली होती. त्यानं करडी गाडी उचलून खोक्यात ठेवली. "उद्या निळी करायचीय. ब्रश तू धुवायचेस. लवकर ये."

"येते," चिमटी म्हणाली.

"आणि येताना," गोंद्या हसू दाबत म्हणाला, "दोन्ही अंगठे घेऊन ये!"