दादाचा ट्रॅक

गॅरेजच्या मागच्या खोलीत वर्षातून एका रविवारी दुपारी बँड जमायचा. पुढे जॅकवर चढवलेल्या गाड्या आणि ऑइलचा वास. मागे भिंतींना जुन्या गाद्या ठोकून आवाज कोंडलेली खोली. गॅरेज ड्रमरचंच होतं. गिटारवाला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, म्हणून तो मास्तर. कीबोर्डवर वहिनी. आणि बेस गिटार धाकट्याकडे. साठी उलटली, टक्कल पडलं, तरी बँडमध्ये तो धाकटाच. कारण त्याचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा, म्हणजे दादा, गायचा.

दादा गेला तेव्हा त्यांच्या दोनच रेकॉर्डी निघाल्या होत्या. दुसरीतली गाणी लोकांच्या तोंडी बसायला लागली होती. एका कार्यक्रमाहून परतताना गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढच्या दोन सीटवर दादा आणि वहिनी होते. वहिनी वाचल्या.

त्यानंतर हा खेळ सुरू झाला. बँड चालू राहिला असता तर यंदा काय वाजवलं असतं, ते ठरवायचं आणि वाजवायचं. नियम एकच, उगाच मोठेपणा घ्यायचा नाही. त्यामुळे त्यांच्या न निघालेल्या रेकॉर्डी सगळ्याच काही चांगल्या नव्हत्या. मध्ये काही वर्षं त्यांनी फॅशनच्या नादी लागून मशीनचे ड्रम वापरले होते, आणि ड्रमर अजून त्याबद्दल कुरकुरायचा. एका वर्षी मास्तर भांडून बँड सोडून गेला असता, असं सर्वांचं मत पडलं. त्या रविवारी तो खरोखरच कोपऱ्यात हाताची घडी घालून बसला आणि बाकीच्यांनी गिटारशिवाय वाजवलं. पुढच्या वर्षी त्याची समजूत काढायला मात्र सगळ्यांनाच घाम फुटला.

गाताना दादा जिथे उभा राहायचा तिथे त्याचा माइक असे. चालू. गाण्याच्या ओळींपुरती जागा सोडून बाकीचे वाजवत. टेपच्या मशीनवर चार ट्रॅक होते: एकात ड्रम, एकात दोन्ही गिटार, एकात कीबोर्ड, आणि चौथा दादाचा. नंतर ऐकताना चौथ्याच्या आवाजाचं बटण शून्यावर असायचं. तसं कोणी ठरवलं नव्हतं. पण त्या बटणाला कोणी हातही लावला नव्हता.

एरवी धाकटा कमी ऐकू येणाऱ्यांना कानाची मशीनं बसवायचा. काचेच्या केबिनमध्ये गिऱ्हाइकाला बसवून बारीक बीप ऐकवायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं, हा त्याचा धंदा. यंदाच्या रविवारच्या आधी त्या केबिनमध्ये वहिनी बसल्या. बीप वाजत होते आणि बटणावरचा त्यांचा अंगठा हलत नव्हता.

"किती राहिलंय?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"मशीन लावलं की पुष्कळ ऐकू येईल."

"भाऊजी, गिऱ्हाइकांना सांगता ते मला सांगू नका."

धाकट्याने चष्मा पुसला. "समोरासमोरचं बोलणं राहील अजून काही दिवस. हळू बोललेलं आधी जाईल. मग बाकीचं."

"मग त्याच्या आत मला चौथा ट्रॅक ऐकायचाय."

"वहिनी, त्यात काही नाही."

"ओळ उचलायच्या आधी तो श्वास घ्यायचा. त्या श्वासावर मी हात ठेवायचे. अजूनही ठेवते, दरवर्षी. परवा गॅरेजात एकटीने सराव करताना तो श्वास आलाच नाही, आणि माझा हात चुकला."

धाकट्याने समजावलं. वर्षानुवर्षं सवयीचा आवाज थांबला की मेंदू तो आपल्या पदरचा घालतो. गेलेल्या नवऱ्याची खोकल्याची उबळ ऐकणाऱ्या बायका त्याच्या दुकानात नेहमी येत. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण ऐकवा."

रविवारी सगळे जमले.

"यंदा आपण काय?" मास्तरने तारा जुळवत विचारलं.

"यंदा आपण म्हातारे," ड्रमर म्हणाला. "हळू गाणं. दादाला आता वरचा सूर झेपत नाही."

"तुला सांगून गेला का?"

"माझा गुडघा कुरकुरतोय, त्याचा गळा कुरकुरत नसेल?"

वहिनी हसल्या. त्यांच्या दोन्ही कानांत नवी मशीनं होती. त्यांनी हळू गाणं वाजवलं. दुसऱ्या कडव्यात धाकट्याचं बोट भलत्या तारेवर पडलं, मास्तरने डोळे वटारले. दोन कडव्यांमधली जागा वहिनींची. तिथे त्यांनी इतकं साधं, इतकं हळवं वाजवलं, की ड्रमरने काठ्यांचा जोर कमी केला.

मग ड्रमर आणि मास्तर चहा आणायला गेले. वहिनींनी खुर्ची स्पीकरजवळ ओढली.

धाकट्याने तीन बटणं शून्यावर नेली आणि चौथं वर चढवलं.

आधी नुसती खरखर. मग लांबून आल्यासारखे ड्रम, त्यामागे गिटार, बेस. धाकट्याने मान डोलावली. एका खोलीत सगळे वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा आवाज उघड्या माइकमध्ये सांडतोच. वहिनींना हेच दाखवायचं, असं त्याने ठरवलं.

मग त्याच्या लक्षात आलं, की कीबोर्ड सांडलेला नाही. वहिनींच्या कीबोर्डचा स्पीकर माइकपासून हातभर अंतरावर होता. सगळ्यात मोठा तोच यायला हवा होता.

मग कोणीतरी श्वास घेतला.

वहिनींचे हात मांडीवरून उचलले गेले.

शब्द त्यांच्यापैकी कोणी लिहिलेले नव्हते. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. ओळीच्या शेवटी खरवडणारा, आणि जिथे सूर चढायचा तिथे तो न चढवता बोलल्यासारखा सोडून देणारा. धाकट्याने रेडिओचा विचार केला. टेपवर आधीचं काही राहिलं असेल, असाही विचार केला. तेवढ्यात दुसरं कडवं आलं आणि त्याची स्वतःची, मघाचीच चूक त्या आवाजाखाली वाजली. गाणारा किंचित हसला आणि पुढे गेला.

"थकलाय," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गाल ओले. "पण बघा ना भाऊजी, किती छान थकलाय."



कडवं संपलं. वहिनींची जागा आली. त्यांची बोटं मांडीवर वाजवू लागली.

टेपवर कीबोर्ड नव्हता.

दादा माइकपासून बाजूला झाला असावा. आवाज अगदी खाली आला, बाकीच्यांना पुटपुटून सांगावं तसा.

"ती असती तर इथे तिने वाजवलं असतं. जागा रिकामी ठेवा."

नुसते ड्रम चालू राहिले, काठ्यांचा जोर कमी केलेले.

आणि माइकच्या अगदी जवळ कोणीतरी, स्पष्ट, म्हणालं, "हो दादा."

धाकट्याने तो आवाज ओळखला. तो त्याचा स्वतःचाच होता, आणि त्याचे ओठ मिटलेले होते.

वहिनींची बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडले, कानातलं मशीन नीट दाबलं आणि त्याच्याकडे वळून पाहिलं.

"त्याचं पुटपुटणं नाही कळलं मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र ऐकू आलात. 'हो दादा' म्हणालात ना आत्ता?"

स्पीकरमधून ड्रम येत होते. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, चाळीस वर्षांत दिसला नव्हता इतका उजळलेला चेहरा घेऊन.

"हो," धाकटा म्हणाला.

स्पीकरमधला माणूसही नेमका तेव्हाच पुन्हा म्हणाला, "हो."