चार नंबरची खाट

वटारच्या बागेत केळीचा घड उतरवताना विलास पोट धरून वाकला, तो सरळ झालाच नाही. त्याच्या बायकोनं, लतिकानं त्याला रिक्षात घालून विरारच्या नर्सिंग होममध्ये आणलं. सलाईन लावतील, संध्याकाळी घरी सोडतील, एवढाच तिचा हिशोब होता.

दुपारी वीज गेली. जनरेटर होता, पण फक्त ऑपरेशन थिएटरपुरता. डॉक्टर कौस्तुभ दाराशी येत, सलाईनचे थेंब बघत आणि तिथूनच म्हणत, "चालू आहे ना? ठीक. लाईट आली की सोनोग्राफी करू." पेशंटला हात लावतील तर शपथ! इकडे विलास पांढराफटक पडत चालला होता.

शेजारच्या खाटेवरून जगन्नाथकाका हळूच म्हणाले, "पोरी, या चार नंबरच्या खाटेवर आमच्या अर्नाळ्याचा म्हातारा कोळी व्हता. मागल्या म्हयन्यात एक दिस सकालीच गेला बिचारा. पन कोनी हात लावला तर कलनार ना! संध्याकालपर्यंत मेलेल्याच्या अंगात पानी जात व्हता... तवापासून तो हात मागतो."

एरवी लतिका हसली असती. पण तेवढ्यात विलास पुटपुटला, "लतू... माझा दुसरा हात कोणी धरलाय गं? गारढोण आहे... सोडायला सांग ना."

तिनं धरलेला हात न सोडता खाटेवरून पलीकडे वाकून पाहिलं. सलाईनचा हात एकटाच पडला होता. बोटं मात्र कुणाच्या तरी पंजात अडकवावीत तशी वाकलेली. सुक्या बोंबलांचा वास आला. आसपास कुणी जेवत नव्हतं.

"डॉक्टर!" ती किंचाळली. "एकदा यांच्या पोटाला हात लावून बघा हो... पाया पडते तुमच्या!"

"अहो बाई, हात लावून काय कळतं? लाईट येऊ द्या."

तिला राहवेना. नवऱ्याचा हात सोडायची भीती वाटत होती, तरी सोडला. धावत जाऊन तिनं डॉक्टरांचं मनगट धरलं, ओढत आणलं आणि त्यांचा पंजा विलासच्या पोटावर दाबला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पोट लाकडासारखं टणक लागत होतं. "सिस्टर, आतडं फुटलंय! थिएटर उघडा, वसईच्या सर्जनना फोन लावा!"

ट्रॉली निघाली. लतिका दोन्ही हातांनी तिचा दांडा धरून दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून डॉक्टरांचा आवाज आला. दबलेला.

"बाई... आता सोडा ना माझा हात..."

तिनं वळून पाहिलं. रिकाम्या खाटेपाशी डॉक्टर एकटेच उभे होते. जगन्नाथकाकांनी तोंडावरून चादर ओढून घेतली होती.

सर्जन आले, विलास वाचला. टाके काढायला ती दोघं पुन्हा गेली, तेव्हा डॉक्टर प्रत्येक खाटेपाशी थांबून आधी नाडी बघत होते. लतिकाला बरं वाटलं. मग दिसलं, ते सगळं डाव्या हातानं करत होते. उजवा हात अंगापासून जरा लांब, बोटं अर्धी मिटलेली. आणि एका खाटेवरून दुसरीकडे जाताना डॉक्टर अगदी सावकाश चालत होते, एखाद्या म्हाताऱ्याला जपून न्यावं तसे.