पांढरा पंजा

नोरझोमचं बाळंतपण उरकलं, पण रक्त थांबेना. माझी धाकटी बहीण ती. चुलीशेजारी याकच्या कातड्यावर पडून होती, ओठ सातूच्या पिठासारखे पांढरे पडलेले. आमच्या खोऱ्यात वैद्य एकच, म्हातारे मेमे थिनले. त्यांनी नाडी पाहिली, औषधाच्या पिशव्या चाचपल्या.

“पंजा हवा. माझ्याकडचा संपला.”

“मेमे, डोंगरावरचाच संपलाय,” नोरझोमचा नवरा ग्याल्बो म्हणाला. “व्यापारी पोती भरभरून घेऊन गेले.”

“खणून कोणी दिला? आता तुझा तो नवा मोबाइल उकळून पाज तिला.”

ग्याल्बोने कोपऱ्यातली कुदळ उचलली.

पंजा म्हणजे जांभळ्या फुलाचं मूळ, हुबेहूब तान्ह्या बाळाच्या हातासारखं. प्रत्येक रोपाला दोन असतात: गेल्या वर्षीचं काळं, सुरकुतलेलं, आणि यंदाचं पांढरं. पांढरं घ्यायचं, काळं पुन्हा मातीत ठेवायचं.

बाळाला शेजारणीकडे देऊन मी आणि ग्याल्बो वरच्या कुरणावर गेलो. सगळं कुरण देवीचे व्रण पडलेल्या तोंडासारखं झालं होतं. दुपारपर्यंत नुसते रिकामे खड्डे. मग बर्फाच्या कडेला एकच रोप दिसलं, फुललेलं.

“काल इथूनच गेलो होतो मी,” ग्याल्बो म्हणाला. “नव्हतं हे.”

त्याने माती उकरून हात आत घातला आणि तसाच थांबला.

“काय झालं?”

“दोन्ही पांढरे आहेत, ताई.”

“एक काढ आणि चल.”

“सुटत नाही.”

बऱ्याच वेळाने हात बाहेर आला. मुठीत मूळ होतं. मी हात लावून पाहिला. माती बर्फासारखी गार होती, मूळ कोमट होतं. ग्याल्बोने ते अंगरख्यात छातीशी ठेवलं.

मेमेंनी मूळ दुधात उकळलं. संध्याकाळी रक्त थांबलं. नोरझोमने डोळे उघडले.

“ताई, माझा हात कोणी धरलाय? किती गार आहे.”

तिचे दोन्ही हात कांबळ्याखाली होते. जवळ कोणी नव्हतं.

सकाळी ती गेली.

तिला अग्नी दिल्यावर ग्याल्बो दिसेनासा झाला. कुठे गेला असेल हे मला विचारावं लागलं नाही. वर कुरणावर तो पालथा पडला होता. उजवा हात खांद्यापर्यंत मातीत.

“ऊठ, ग्याल्बो. पोर रडतेय.”

“तिने धरून ठेवलंय, ताई. मी सोडलं तर ती एकटी पडेल.”

मी त्याला काखेत धरून ओढलं. ताकद लावावीच लागली नाही. आतून कोणी ढकलावा तसा हात बाहेर आला.

रोप कुठेच नव्हतं.

तो हात आता कामाचा राहिला नाही. कुदळ धरवत नाही, घास उचलवत नाही. मेमेंनी सगळे लेप करून पाहिले, मग येणंच सोडलं. ग्याल्बो कोणाशी बोलत नाही. पोर दिवसभर रडते. माझ्याकडे थांबत नाही, दूध ओकते, वाळत चाललीय.

फक्त दुपारी गप्प असते. ग्याल्बो तिला घेऊन भिंतीशी उन्हात आडवा होतो आणि झोपतो. तो घोरायला लागला, की तो उजवा हात उठतो आणि पोरीला थोपटतो. दोनदा पाठीवर, मग एकदा कानामागून हलकेच.

आम्हा बहिणींना आमची आई असंच झोपवायची. ग्याल्बोने तिला कधी पाहिलेलं नाही.