ढच्या मुठीतला हातचा

चैतीला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. शाळेनं यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) आणला, इथवर ठीक. पण सन २०६१ मध्ये, घरातला कुकरसुद्धा पाढे म्हणून दाखवत असताना, ज्याला काही म्हणजे काहीच येत नाही असा यंत्रमानव कुणी मुद्दाम कशाला आणेल?

धामणखेडच्या शाळेत मात्र तो होता. उंचीला पोरांएवढा, पोटावर छोटा पडदा आणि छातीवर खडूनं लिहिलेलं नाव : ढ. नाव पोरांनीच ठेवलं होतं आणि लांजेवार बाईंनी ते चालू दिलं होतं. आला तेव्हा तो अगदी कोरा होता. मुलं सांगतील तेवढंच त्याला येई. बोलणंही त्यांच्याकडूनच शिकला, म्हणून त्यांच्यासारखंच, "का?" ऐवजी दर दोन वाक्यांमागे "काहून?" विचारायचा.

ते नाव दिसलं की चैती नजर दुसरीकडे वळवायची. गेल्या वर्षी तालुक्याच्या शाळेत हेच नाव तिला होतं. आता ती इथे तिसरीत आली होती आणि तिला एकच धास्ती होती. आपल्याला बेरीज येत नाही हे बाईंना कळलं, तर त्या आपल्याला दुसरीत बसवतील. दुसरीत तिचा धाकटा भाऊ होता. काय शोभा झाली असती, विचार करा.

इथे परीक्षा नव्हती. दर शनिवारी एकानं ढला नवीन काहीतरी शिकवायचं, बस्स. या शनिवारी चिठ्ठी निघाली ती चैतीची, आणि विषय हातच्याची बेरीज. नेमकं तिचं दुखणं.

तिनं फळ्यावर २७ अधिक १५ मांडलं. जुन्या शाळेत ऐकलेलं घडाघडा म्हणून टाकलं. सात नि पाच बारा, बाराचे दोन लिही, हातचा एक घे. मग दोन नि एक तीन.

ढने दोन लिहिले. डावी मूठ घट्ट मिटली. मग तीन लिहिले. उत्तर आलं ३२, आणि मूठ मिटलेलीच.

मागून खुसखुस ऐकू आली. उत्तर चुकलंय हे चैतीला लगेच समजलं, कारण तिचंही दरवेळी असंच चुकायचं. संपलं, आता दुसरीचा वर्ग, असं मनात येऊन तिचे डोळे भरून आले.

बाई मात्र उत्तराकडे बघतच नव्हत्या. त्यांनी तिला ढचा स्मृतिकोश (सांगितलेलं सगळं साठवायची जागा) वाचायला सांगितला. पडद्यावर चैतीचीच वाक्यं होती, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"त्यानं तुझं सगळं ऐकलं," बाई म्हणाल्या. "मग सांगण्यात काहीतरी राहिलं असेल. ते शोध."

तेवढ्यात ढने मूठ उघडली. आत काहीच नव्हतं.

"चैतीताई, तू म्हणालीस हातचा एक घे. मी घेतला. पण एक काय?"

एक काय, हे चैतीला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची तिची छाती झाली नव्हती.

बाईंनी काड्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. चैतीनं सत्तावीस मांडले : दहादहाच्या दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या. त्याखाली पंधरा : एक जुडी, पाच काड्या. सुट्या काड्या एकत्र केल्या तर झाल्या बारा. त्यातल्या दहा उचलून तिनं रबर लावलं आणि हातातल्या जुडीकडे ती बघतच राहिली. दोन काड्या टेबलावर उरल्या होत्या.

"हाच तो," ती हळूच म्हणाली. "हातचा म्हणजे एक जुडी. काड्या दहा, पण जुडी एक."

तिनं ती ढच्या तळहातावर ठेवली.

"आता ही धरून ठेवू?"

"नाही. जुड्यांच्या घरात नेऊन ठेव." तिनं फळ्यावर दशकस्थान (डावीकडचं, दहाच्या जुड्यांचं घर) दाखवलं. ढने जुडी बाकीच्या तीन जुड्यांशेजारी ठेवली, चार मोजल्या आणि फळ्यावरचे तीन पुसून चार लिहिले. बेचाळीस.

मग कोरा यंत्रमानव कशाला आणला, हे चैतीचं कोडंही बाईंनी सोडवून टाकलं. सगळं येणारं यंत्र आणलं असतं, तर मुलं त्याची उत्तरं उतरवून मोकळी झाली असती. कोऱ्या यंत्राला समजावायला गेलं, की आपल्याच समजण्यातली भोकं दिसतात, आणि दिसली की बुजवता येतात. म्हणून ही शाळा 'येतं का' असं विचारत नाही, 'सांगता येतं का' असं विचारते.

चैतीनं कसाबसा धीर केला आणि दुसरीत बसवणार का, ते विचारून टाकलं. एवढं ओझं ही पोरगी इतके दिवस एकटी वाहत होती, याचं बाईंना वाईट वाटलं.

"दुसरीत सोमवारी जायचंयच तुला," त्या म्हणाल्या. "बसायला नाही, हातचा शिकवायला."

चैतीच्या छातीवरचा दगड उतरला. पण ढचं अजून संपलं नव्हतं.

"चैतीताई, ढ म्हणजे काय?"

नाव सगळ्यांनी ठेवलं होतं, अर्थ कुणीच सांगितला नव्हता. चैतीनं शब्द जपून निवडले, कारण ती सांगेल ते त्याच्या स्मृतिकोशात कायमचं राहणार होतं.

"ढ म्हणजे," ती म्हणाली, "ज्याला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही, तो."

वाक्य पडद्यावर उमटलं. ढने ते वाचलं. मग फळ्यावरचे बेचाळीस वाचले.

"मला तर सांगितलं. मग मी ढ काहून?"

नाव ठेवणाऱ्या पोरांनी माना खाली घातल्या. चैतीनं डस्टर उचललं आणि त्याच्या छातीवरचं अक्षर स्वच्छ पुसून टाकलं. आपलंही काहीतरी पुसलं गेलं असं तिला वाटलं. नवीन नाव सोमवारी सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं.