गुळवेलीची टोकं

हसा, खुशाल हसा. पण हे खरं आहे.

आम्ही बौद्ध माणसं, आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. माझे बाबा तर शाळेत चित्रकलेचे मास्तर. तरी त्यांच्यावर हे गुदरलं. रात्री-बित्री नाही, भर दुपारी. सन एकोणऐंशी, चैत महिना, भैंसा गाव.

कापसाच्या व्यापाऱ्याची बायको सोजरबाई हिनं सुनेसाठी नवी खोली बांधली होती. चारी भिंतींवर गुळवेल रंगवलेली, फक्त दाराच्या वर वीतभर जागा चुना मारून कोरी. महिपत रंगारी काम अर्धवट टाकून पळाला, असं लोक म्हणायचे. त्याच्या चपला मात्र उंबऱ्याशीच होत्या... उरलेलं काम बाबांकडे आलं.

बाबांनी खरी गुळवेल आणून समोर ठेवली. एकेक शीर पाहून पान काढायचं, ही त्यांची रीत. पूर्वी अशी वेल औषधांच्या पोथीत वैद्यासाठी काढायचे, म्हणायचे ते. मग ती पेट्यांवर, पाळण्यांवर, भिंतींवर चढली.

पण रंगाऱ्यांचा एक नेम होता. वेलीची टोकं जुळवायची नाहीत. बोटभर वाट सोडायची.

बाबांना तो ठाऊक होता. पण घरी माझ्या आईचे, शकूचे, दिवस भरलेले. निघताना ती म्हणाली होती, "सांजच्याला या बरं. मले भेव लागते."

"येतो," बाबा म्हणाले होते.

"मास्तर, फट काऊन ठेवून राह्यले?" सोजरबाई कुरकुरली. "माह्या सुनेच्या खोलीत अर्धवट काम नाई चालत."

ती चुलीकडे गेली. हुज्जत कोण घालणार? बाबांनी टोकं जुळवून शेवटचं पान मारलं.

आणि...

बाहेरच्या जिनिंग गिरणीची घरघर थांबली.

चिमण्या गप्प.

बाबा स्टुलावरून उतरले.

दार नव्हतं.

सलग भिंत. तिच्यावर गुळवेल. ताज्या पाल्याचा कडू वास...

"सोजरबाई!" बाबा ओरडले. भिंत बडवली. आवाज बाहेर जातच नव्हता. शकू एकटी आहे, शकू एकटी आहे, एवढंच डोक्यात.

मग नेम आठवला. स्टुलावर चढून ते शेवटचं पान नखांनी खरवडू लागले. चुना निघाला.

खाली जुने ओरखडे होते... कुणाच्या तरी नखांचे.

बाबांचा हात थांबला.

खरवडण्याचा आवाज थांबला नाही.

भिंतीच्या आतून... कर्र... कर्र...

बाबा जिवाच्या आकांतानं खरवडत सुटले. पान गेलं, आणि खाली दार उघडं दिसलं. खोलीत आता पलंग होता, पाळणा होता. दुपारी यातलं काहीच नव्हतं. ते अनवाणी धावत सुटले.

आमच्या अंगणात एक पोर भिंत धरून चालत होती.

आईच्या हातची घागर पडली. "कुठी होते तुमी? सांजच्याला येतो म्हणले होते ना!"

बाबा मावळत्या उन्हाकडे बघत राहिले.

"सांजच तं हाय, शकू."

ती पोर म्हणजे मी.

सोजरबाईची सून त्या सगळ्या वर्षभरात त्याच खोलीत राहत होती. तिला कधी कुणी दिसलं नाही. रात्री दाराच्या वर काहीतरी खरवडायचं, तेवढं ऐकू यायचं. उंदीर असतील, असं तिला वाटायचं.

परवा ती बाजारात भेटली. मी विचारलं, बाबा बाहेर आल्यावर आवाज थांबला असेल ना?

"कुठचं थांबते, बाई," ती म्हणाली. "आता तं दिवसाही येते."