लटारूच्या नावापुढची थाप

वाकडं काही दिसलं की मला बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं असलं, तर मी दुसऱ्याच्या घरातही उठून ते सरळ करतो. अब्बा, म्हणजे बाबूभाई, म्हणायचे की या सैफला गवंडी करायला हवं होतं. गवंडी काही झालो नाही. गोंडपिपरीतलं त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान चालवायला घेतलं आणि २००६ साली तिथे कॉम्प्युटर आणून बसवला.

डीजेवर वाजवायचं गाणं ठोक्यात सरळ लागतं. पडद्यावर गाणं डोंगररांगेसारखं उमटतं आणि त्यावर सारख्या अंतरानं उभ्या रेघा येतात. प्रत्येक थाप आपल्या रेघेवर पडली, तरच ते गाणं दुसऱ्यात बेमालूम मिसळतं. हातानं वाजवलेलं गाणं मात्र कुठे घाई करतं, कुठे रेंगाळतं. ते थापेथापेनं ओढून रेघेवर आणावं लागतं. लोडशेडिंगमधून जेवढी लाइट मिळे तेवढ्यात मी हेच करत बसायचो, आणि खरं सांगायचं तर मजेत असायचो.

एप्रिलच्या सुरुवातीला लहानूभाऊ आले. पोंभुर्ण्याच्या वाटेवर त्यांचं गाव. शाळेतले शिपाई, बोलायला गरीब. महिनाअखेर त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, रोशनीचं लग्न होतं. त्यांनी रुमालात बांधून एक कॅसेट आणली होती. त्यांची आई, बायनाबाई, पाच वर्षांपूर्वी वारली होती. त्याआधी तिनं स्वतः ढोलकी वाजवत हळदीचं गाणं म्हटलं होतं, ते या कॅसेटवर होतं. नातीच्या हळदीत ते डीजेवर वाजावं, एवढीच भाऊंची इच्छा.

गाणं साधं होतं. घरच्या एकेकाला नाव घेऊन हळदीला बोलवायचं आणि प्रत्येक नावापुढे एक थाप. आधी लटारू, म्हणजे बायनाबाईचा नवरा. मग मुलगी धुरपता, मुलगा लहानू, सून आशा आणि शेवटी नात रोशनी. म्हातारीचा आवाज असा की मी हातातला चहा विसरलो.

फक्त एके ठिकाणी तिचा हात चुकला होता. लटारूचं नाव झालं आणि थाप पडलीच नाही. एक ठोका मोकळा, आणि तिथून पुढचं सगळं गाणं एक रेघ मागे. मी तो तुकडा कापला, दोन्ही टोकं जोडली आणि समाधानानं दुकान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर मोकळा ठोका धुरपताच्या नावापुढे. सेव्ह करताना काहीतरी चुकलं असणार, म्हणून मी स्वतःवरच चिडलो. दुरुस्त करणार तेवढ्यात लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर जळला होता. लाइट आली तिसऱ्या दिवशी दुपारी.

त्या दुपारी लहानूभाऊ पोंभुर्ण्यातल्या पत्रिका वाटून गोंडपिपरीतल्या वाटायला आले आणि दुकानात टेकले. कोणत्या गल्लीत कोणाकोणाला पत्रिका दिली ते सांगत होते. मी ऐकता ऐकता धुरपताच्या नावापुढचा तुकडा कापला. भाऊ बोलता बोलता थांबले. त्यांची सख्खी बहीण धुरपता त्याच गल्लीत राहत होती. तिच्या दोन्ही शेजाऱ्यांना पत्रिका देऊन ते तिच्या दारावरून सरळ निघून आले होते. ती ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती, हेही त्यांना आत्ता आठवलं. भर उन्हात ते सायकल वळवून परत गेले. लग्नघरात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, असं मी स्वतःला समजावलं.

मग जयंतीचे कार्यक्रम आले आणि मी चार दिवस साउंड घेऊन बाहेरगावी होतो. परत येऊन गाणं उघडलं. मोकळा ठोका रोशनीच्या नावापुढे होता.

कॉम्प्युटरमधलं सगळं पुसलं आणि मूळ कॅसेट पहिल्यापासून लावली. कॅसेटला तर मी हातही लावला नव्हता. लटारूच्या नावापुढे थाप स्वच्छ वाजली. धुरपता, लहानू, आशा, सगळ्यांपुढे वाजली. रोशनीच्या नावापुढे नाही.

संध्याकाळी लहानूभाऊ आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. घरात बायकांना बांगड्या भरल्या, सगळ्यांना भरल्या, नवरीचेच हात रिकामे राहिले. जेवायला वाढताना तिचंच ताट मांडायचं राहतं, तेही सलग तीन दिवस. आणि आज मुलाच्या बापानं फोनवर विचारलं होतं, की मुलीचं नाव काय म्हणालात. लग्नाला सहा दिवस होते. हे सांगताना भाऊ रडले नाहीत. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि गाणं ऐकवलं. काय काय कापलं तेही सांगितलं.

"ते थाप चुकली नव्हती गा," ते म्हणाले. "जो मरून गेला, घरात राह्यला नाई, त्याच्या नावाले माय एक थाप मोकळी सोडे. तेवढी त्याची जागा."

"मले काय माहीत, भाऊ. मी चूक समजून कापली."

"बुढ्याची जागा कापली तं तो कोनाची तरी घेईनच."

आयुष्यभर सरळ करत आलो, कधी कोणाला विचारलं नाही. मी त्यांच्यासमोर ठोका पुन्हा लटारूच्या नावापुढे नेऊन ठेवला. फाइल बंद केली, उघडली. तो रोशनीपुढे होता. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

भाऊंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"माया नावापुढं ठेव," ते म्हणाले.

मी नको म्हटलं. त्यांनी माझा माउसवरचा हात धरला. त्यांचा हात कोरडा होता.

"पोरीचं लगन हाये, सैफ."

मी ठेवला. फाइल बंद केली, उघडली. तो तिथेच होता. सगळ्या थापा आपापल्या रेघेवर होत्या.

हळदीला गाणं वाजलं. लहानूचं नाव आलं तसे नाचणाऱ्यांचे पाय क्षणभर हवेत राहिले आणि पुढच्या ठोक्याला एकदम खाली आले. कोणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. रोशनीच्या हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या.

लग्नात बौद्धाचार्यांनी मुलीच्या वडिलांना पुढे बोलावलं. दोघातिघांनी इकडे तिकडे पाहिलं, मग मुलीचा मामा पुढे झाला. लहानूभाऊ त्याच्या मागेच उभे होते, नवा पांढरा सदरा घालून.

पंगतीत वाढणारे त्यांच्या पत्रावळीशी जरा थबकत आणि पुढच्या पानावर वाढत. शेवटी मी उठून त्यांना भात वाढला. पोरगी किती छान दिसून राह्यली, एवढंच ते बोलले आणि पोटभर जेवले.

निघायच्या वेळी रोशनी एकेकाच्या गळ्यात पडू लागली. आधी धुरपता आत्या.

मग ती वडिलांसमोर आली. भाऊंनी दोन्ही हात पसरले.

ती थांबली. तिचे हात अर्धवट वर आले.

एक ठोका. मला मोजल्याशिवाय राहवत नाही.

मग ती वळून आईच्या गळ्यात पडली.

आशाबाईंनी रडत रडत लेकीचे डोळे पुसले, तिला गाडीत बसवलं. गाडी वळणाआड गेली. भाऊंचे हात अजून तसेच पसरलेले होते. आशाबाई मागे फिरल्या, हातातला ओला रुमाल झटकला, भाऊंच्या एका हातावर नीट वाळत घातला, आणि मांडवात निघून गेल्या.