खाली कोणीतरी थांबायला हवं

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात त्या सकाळी इतकं धुकं होतं की समोर तीळगूळ कुटून गजक करणारा गजकवाला दिसत नव्हता, नुसता त्याच्या लाकडी हातोड्याचा धप्‌ धप्‌ आवाज येत होता. राजवर्धननं आपल्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. काउंटरवर फडकं फिरवत असताना त्या अर्ध्या शटरखालून एक मुलगी वाकून सरळ आत आली. एका हातात मोबाईल लावलेली काठी, दुसऱ्या हातात माईक आणि नाकाचा शेंडा थंडीनं लालबुंद.

"भैया, कॅमेरे का काँच पोंछना है. कपड़ा मिलेगा?"

"मिळेल की," तो सवयीनं मराठीत बोलून गेला. घरात आईशी बोलता बोलता दुकानात आला होता.

ती थबकली. मग डोळे मोठे करून हसली. "अरे, मराठी? मग ते भैया कॅन्सल!"

 राजवर्धननं मऊ कापड घेतलं आणि तिच्या मोबाईलची काच स्वतःच पुसायला लागला. काच लवकर स्वच्छ झाली, तरी तो पुसतच होता.

"मी अंतरा. दर्पण कॉलनीत राहते. लोकल बातम्यांचा चॅनल आहे ना, तिथे व्हिडिओ करते." ती एक क्षण थांबली. नाव सांगितलं की लोक 'अंतरा... अंतराळ!' असा विनोद करायचे आणि तिला त्याचा कंटाळा आला होता. पण यानं तो केला नाही. "चहा सांगू?" एवढंच म्हणाला.

"आधी सवाल, माईक चालू आहे हं. फुकट तिकीट मिळालं, तर अंतराळात जाल? शास्त्रज्ञ वगैरे नाही, टूरिस्ट म्हणून. आपण थंड हवेच्या ठिकाणी फिरायला जातो ना, तसं. बाहेर सगळे हो म्हणाले. गजकवाले चाचा म्हणतात, गजक घेऊन जाऊ, वर विकू. एक रिटायर्ड सर म्हणाले, खिडकीची सीट पाहिजे. तुम्ही?"

"नाही."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही." त्यानं मोबाईल तिच्या हातात दिला. बोटं बोटांना ओझरती लागली, थंडगार. "वर जाणाऱ्याला सगळे विचारतात, जाशील का म्हणून. खाली थांबणाऱ्याला कोणी विचारत नाही, की बाबा, तुला थांबणं जमेल का."

अंतराचा माईक हळूहळू खाली आला.  हातोड्याचा आवाज तेवढा येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. काल चुकून खिशात गेलेलं कापड परत करायचं होतं म्हणे. नंतर नजर तपासून घ्यायला आली. नजर अगदी उत्तम निघाली, तरी तिनं दुकानातल्या निम्म्या फ्रेमा लावून पाहिल्या.

"ही कशी दिसते?"

"चांगली."

"आणि ही?"

"चांगली."

"तुम्ही चष्मे विकता की नुसतं बघत बसता?"

"गिऱ्हाईक बघून ठरवतो," तो म्हणाला, आणि मग आपल्याच धिटाईनं कानापर्यंत लाल झाला.

बैजा ताल नावाच्या तळ्याच्या काठावर चहा पीत बसायचं वळण पडलं, तेव्हा 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तिथेच एका संध्याकाळी त्यानं तिला हेमेंद्रदादाचं सांगितलं. सख्खा मोठा भाऊ. काही वर्षांपूर्वी घरचे सगळे डोंगरात फिरायला गेले होते. दादाला पॅराशूट बांधून उडायचं होतं. दहा मिनिटांची गंमत. राजवर्धन खाली उभा राहून व्हिडिओ काढत होता. वर दादा हात हलवत होता, ओरडत होता... आणि मग ती रंगीत छत्री वाऱ्यानं एका बाजूनं मिटली.

"मी व्हिडिओ काढतच राहिलो, अंतरा. मला कळलंच नाही काय चाललंय ते."

 ती त्याच्या स्वेटरची बाही घट्ट धरून बसली. चहा गार झाला.

होळी झाल्यावर एका दुपारी ती धावतच दुकानात आली. गिऱ्हाईक होतं, तरी थांबली नाही.

"राज, माझं सिलेक्शन झालं!"

मग भरभर सगळं बाहेर आलं. परदेशातली एक कंपनी पर्यटकांना रॉकेटनं अंतराळाच्या काठापर्यंत नेऊन आणते. एक सीट त्यांनी अगदी सामान्य माणसासाठी राखून ठेवली होती. आपल्या गावातल्या लोकांना काय वाटतं, याचा व्हिडिओ पाठवायचा होता. अंतरानं तो जानेवारीतच पाठवला होता.

"आणि माहितीये का निवडलं? तुझ्यामुळे! कंपनीच्या बाई म्हणाल्या, सगळ्या जगातून 'हो, हो' आलं, एक 'नाही' फक्त ग्वाल्हेरहून आला. तो ऐकूनच आम्ही—" ती बोलता बोलता थांबली. "राज?"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. गिऱ्हाईकानं हळूच फ्रेम खाली ठेवली आणि ते निघून गेलं.

"मी नाही म्हणालो," तो म्हणाला, "आणि त्यावर तू जाणार."

"पाठवला तेव्हा मला दादाचं माहीत नव्हतं. शपथ."

"आता माहीत आहे ना?"

"आहे. म्हणून तर आधी तुझ्याकडे आले. घरीसुद्धा सांगितलं नाही अजून." तिनं काउंटरवर दोन्ही हात टेकवले. "लहानपणापासून गच्चीवर उभी राहून बघत आलेय रे मी. आमच्या घरात कोणी दिल्लीच्या पुढे गेलं नाही. मला जायचंय. पण तू बोल काहीतरी. नको जाऊ म्हण. नाहीतर जा म्हण."

"मी कोण तुला अडवणारा?"

"तेच विचारायला आलेय," ती म्हणाली. "तू कोण?"

राजवर्धननं मान खाली घातली. काउंटरच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसत होतं, वाट बघणारं.  प्रतिबिंब सरकलं आणि काच रिकामी झाली.

उन्हाळा गेला, पाऊस आला नि गेला. अंतरा ट्रेनिंगला परदेशी गेली. पेपरात तिचा फोटो आला, चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागले. जाण्याआधी तिनं एकदाच मेसेज केला होता: 'निघते.' त्यानं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी पाठवलंच नाही.

उड्डाणाच्या दिवशी त्यानं दुपारीच दुकान बंद केलं आणि घरी येऊन अंधाऱ्या खोलीत बसला. लीलाताई, त्याची आई, दारात येऊन उभ्या राहिल्या. हेमेंद्र गेल्यापासून त्या फार कमी बोलायच्या.

"आज ती जाणार ना रे?"

"हो."

"तिच्या आईपाशी कोण आहे?"

"असतील की. सगळी कॉलनी जमली असेल."

"कॉलनी टीव्हीपाशी जमते," लीलाताई म्हणाल्या. "आईपाशी कोणी नसतं. मला माहीत आहे. ऊठ, जा."

दर्पण कॉलनीतल्या त्या घराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. हॉलमध्ये भला मोठा टीव्ही, माणसांची दाटी, आणि मधोमध अंतराचे वडील मधुसूदनकाका उभे राहून सगळ्यांना समजावून सांगत होते. राजवर्धनचं पाऊल आत पडेना. तो घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेला. स्वयंपाकघरात अंतराच्या आई, शरयूकाकू, एकट्या बसून मटार सोलत होत्या. परातीत इतके मटार की आठवडाभर पुरावेत.

त्यांनी वर पाहिलं. "तू तो 'नाही' म्हणणारा ना?"

"हो, काकू."

"मीपण नाहीच म्हटलं होतं. माझं कोणी व्हिडिओत घेतलं नाही." त्यांनी पायानं एक पाट त्याच्याकडे सरकवला. "बस. सोल."

तो बसला. हॉलमधून आवाज येत होते. वाऱ्यामुळे उड्डाण लांबलं... अजून लांबलं... आता सुरू! मोजणी सुरू झाली तशी शरयूकाकूंची बोटं भराभर चालायला लागली, दाणे परातीबाहेर उडायला लागले. मग टाळ्या, शिट्ट्या. "गई! गई!"

"आता काही मिनिटं वर तरंगतील," बाहेर मधुसूदनकाका सांगत होते. "मग छत्र्या उघडतील नि खाली."

छत्र्या. राजवर्धनच्या हातातली शेंग तशीच राहिली. शरयूकाकूंनी ते पाहिलं. त्याच्याबद्दल लेकीनं त्यांना सांगितलं असावं, कारण त्यांनी काही न विचारता त्याच्या मनगटावर हात ठेवला. मटारानं ओला, गार हात.

आणि मग हॉल गप्प झाला.  कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "एक पैराशूट नहीं खुला."

शरयूकाकूंचा चेहरा दगडासारखा झाला. "मला उठवत नाही," त्या म्हणाल्या. "तू बघ. बघ आणि मला सांग. खरं ते सांग."

 त्या डोंगरानंतर राजवर्धननं पतंगाकडेसुद्धा मान वर करून पाहिलं नव्हतं. तरी तो उठला, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि त्यानं डोळे पडद्यावर लावले. निळ्या आकाशात एक इवलासा डबा. वर दोन छत्र्या फुललेल्या, तिसरी चिंधीसारखी लोंबकळत होती.

"दोन उघड्या आहेत, काकू. एक नाही."

"पुढे?"

"खाली येतेय... जरा डोलतेय... पण सरळ आहे." त्यानं नजर हटवली नाही. पापणीसुद्धा लववली नाही. "अजून येतेय. जमीन दिसायला लागली. वाळवंट आहे... आता जवळ आली... काकू, धूळ! खूप धूळ उडाली. काही दिसत नाही."

"राजवर्धन."

"थांबा. थांबा ना... धूळ बसतेय. डबा उभा आहे. माणसं गाडीतून येतायत. दार उघडलं. एक जण उतरला... दुसरी, ही नाही... एक म्हातारे..." आणि मग त्याचा आवाज फुटला. "आली. चालतेय, काकू. आपल्या पायांनी चालतेय."

हॉलमध्ये नुसता गोंधळ उसळला. मधुसूदनकाका हसत होते, रडत होते, शेजाऱ्यांच्या गळ्यात पडत होते. शरयूकाकूंनी पदरानं तोंड झाकून घेतलं. राजवर्धन त्यांच्यापाशी खाली बसला. त्या कितीतरी वेळ त्याचा खांदा धरून होत्या.

बऱ्याच वेळानं ओट्यावरचा फोन वाजला. शरयूकाकूंनी तो उचलला. "बरी आहेस? लागलं नाही ना? खाल्लंस काही?" एवढं विचारता विचारताच त्या रडायला लागल्या. त्यांनी फोन राजवर्धनच्या हातात कोंबला.

"आई? हॅलो? रडू नकोस ना यार."

"मी आहे."

 तिकडून नुसता वाऱ्याचा घूं घूं आवाज.

"तू... आमच्या घरी?"

"स्वयंपाकघरात. मटार सोलतोय."

ती हसली, मग हसता हसता हुंदका आला. "राज, मला वर उलटी झाली. सगळ्यांसमोर. तरंगत होती ती... और सुन, ती छत्री उघडली नाही ना, तेव्हा मला फक्त एकच वाटलं. हा कुठेतरी बघत असेल. पुन्हा बघायला लागतंय ह्याला. सॉरी रे."

"बघितलं मी," तो म्हणाला. "शेवटपर्यंत बघितलं."

"रागावला आहेस?"

"खूप. आणि भीती वाटली.  उद्या पुन्हा जाते म्हणालीस, तर पुन्हा वाटेल. पण तू जाच. मी असाच कुठेतरी बसून राहीन... तू विचारलं होतंस ना, मी कोण. तेव्हा बोलायला हवं होतं. माझं..." त्यानं आवाज खाली आणला, "माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"काय? काही ऐकू येत नाहीये! वारा आहे इथे!"

"म्हटलं, प्रेम आहे."

"जोरात बोल ना!"

"अगं, माझं तुझ्यावर प्रेम आहे!" राजवर्धन जिवाच्या आकांतानं ओरडला.

हॉलमधला गलका एकदम थांबला. पेढ्याचा डबा फिरवणारे मधुसूदनकाका जागच्या जागी थिजले. पंधरा-वीस माना एकदम स्वयंपाकघराकडे वळल्या. फोनमध्ये वारा घोंघावत होता आणि त्या वाऱ्यातून अगदी स्वच्छ, खट्याळ आवाज आला, "पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं मला."

राजवर्धननं डोळे मिटून घेतले. शरयूकाकूंनी शांतपणे पदरानं डोळे पुसले, परात बाजूला सारली आणि उठून स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतलं.